छत्री आणि दोर

या व्याख्यानाचा विषय ठरला तेव्हा मेहरूणच्या एका वृद्ध स्नेह्यांनी आम्हाला सरळ विचारले, "उडीला कसला आला आहे इतिहास? माणूस चढला तर इतिहास, पडला तर बातमी." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. बुरुज चढणाऱ्यांची नावे आपण पाठ केली. बुरुजावरून खाली आलेल्यांची केली नाहीत. पण उंचावरून स्वतःला सोडून देण्याची ओढ माणसाला फार जुनी आहे, आणि तिच्यासाठी परदेशाकडे बोट दाखवायचे कारण नाही. आखाजीला माहेरी आलेल्या आपल्या लेकी निंबाच्या फांदीला दोर बांधून झोका घेतात. तो झोका शेंड्याला टेकून परत फिरतो, त्या क्षणी पोटात जो खड्डा पडतो, त्याच खड्ड्यासाठी आज तरुण मुले हजारो रुपये मोजून ऋषिकेशला जातात आणि पायाला रबरी दोर बांधून दरीत उडी घेतात.

आम्हाला पहिली उडी मळ्यातल्या विहिरीत शिकवली गेली. त्या वेळी मोटा बंद पडत चालल्या होत्या, पण विहिरीवर थारोळे होते, धाव होती आणि खुंटीला सोंदूर लटकत होती. ज्या मुलाला पोहायचे नाव माहीत नाही, त्याच्या कमरेला वाळलेला भोपळा आणि ती सोंदूर बांधायची, दोराचे दुसरे टोक आबांच्या हाती, आणि मुलाने थारोळ्यावरून मुटका मारायचा. आम्ही काठावर अर्धा तास थरथरत उभे होतो. आबा एवढेच म्हणत होते, "मार रे भो उडी, दोर माह्या हातात आहे." पाणी खाली वीस-पंचवीस हात. उडी मारली तेव्हा धाडस आमचे होते असे गावाला सांगत फिरलो. पुढे कळले की आबांनी दोराची लांबी आदल्या दिवशी पाणी मोजून ठरवली होती, आणि भोपळा तडकलेला तर नाही ना हे दोनदा पाहिले होते. आजच्या विषयाकडे आम्ही त्या दोराच्या टोकाकडून पाहतो. उडी घेणाऱ्याकडे सारे जग बघते. दोर कोणी मोजला, छत्री कोणी शिवली, हे विचारणारा विरळा.

उंच कडा म्हटला की मराठी माणसाचे मन रायगडाच्या टकमक टोकावर जाते. गडाचा हा चिंचोळा सुळका दरीत पुढे घुसलेला आहे, तिन्ही बाजूंना तुटलेला कडा, आणि परंपरा सांगते की देहान्ताची शिक्षा झालेल्या गुन्हेगाराला येथून खाली लोटीत. 'कडेलोट' हा शब्द याच शिक्षेचा. आज आपल्या सहनशीलतेचा कडेलोट भाजीच्या भावावरूनही होतो, पण एके काळी या शब्दात एक जिवंत माणूस होता. त्याच टोकावरची दुसरी एक कथा मात्र अगदी उलट आहे. महाराज एकदा टकमकावर आले असता वाऱ्याची प्रचंड झोड आली. महाराजांच्या मस्तकावर छत्री धरणारा सेवक छत्रीसकट उचलला गेला. त्याने छत्रीचा दांडा सोडला नाही. वाऱ्यावर तरंगत तो खालच्या निजामपुरास सुखरूप उतरला, आणि त्या गावाला छत्री निजामपूर हे नाव पडले. (आपल्या साक्री तालुक्यातल्या निजामपुराशी याची गल्लत करू नये, हे निजामपूर रायगडाच्या पायथ्याचे.)

ही आख्यायिका आहे, आणि ती आख्यायिका म्हणूनच घेतली पाहिजे. पण आख्यायिकेला हसून मोकळे होणे हे आमच्या मते इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्षण नव्हे. तिला दोन प्रश्न विचारावेत. असे घडणे शक्य आहे काय? आणि अशी कल्पना त्या काळी कोणाला सुचू शकत होती काय?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते अधिक रंजक आहे. रायगडावर राज्याभिषेक झाला १६७४ साली. त्यानंतर तेरा वर्षांनी, १६८७ साली, फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा वकील सिमाँ द ला लुबेर हा सयामात, म्हणजे आजच्या थायलंडात गेला. परतल्यावर त्याने सयामाचे वर्णन लिहिले ते १६९१ साली छापले गेले. त्यात तो एका डोंबाऱ्याची हकिकत देतो. हा मनुष्य दोन मोठ्या छत्र्या घेऊन उंचावरून उडी टाकी. छत्र्यांचे दांडे कमरपट्ट्यात घट्ट खोवलेले असत. वारा त्याला नेईल तिकडे तो जाई. कधी जमिनीवर, कधी झाडावर, कधी घराच्या छपरावर, तर कधी नदीत. राजा हा खेळ पाहून इतका खूष झाला की त्याने त्याला मानमरातब दिला. तेव्हा रायगडाच्या छत्रीधराची कथा ज्या काळाची म्हणून सांगतात, त्याच पिढीत पूर्वेकडे छत्री घेऊन उडी टाकणारा मनुष्य खरोखरच होऊन गेला. छत्र हे तिकडेही राजचिन्ह, इकडेही राजचिन्ह. जिथे मोठमोठी छत्रे नित्य वाऱ्यात धरली जातात, तिथे वारा हातातले छत्र कसा ओढतो हे शेकडो सेवकांनी आपल्या खांद्यांनी अनुभवलेले असणार.

ला लुबेरच्या या हकिकतीचे पुढे फळ आले. फ्रान्सातल्या मोंपेलिए शहरी लुई-सेबास्तियाँ लेनोर्मां नावाचा एक पदार्थविज्ञानाचा जाणकार होता. सयामी डोंबाऱ्याची गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली होती असे सांगतात. १७८३ हे साल तसे उडण्याचेच होते. मोंगोल्फिए बंधूंचे उष्ण हवेचे फुगे त्याच वर्षी आकाशात चढले आणि नोव्हेंबरात माणसे त्यात बसून पॅरिसवरून गेली. लेनोर्मांने प्रथम दोन छत्र्या घेऊन झाडावरून उडी टाकून पाहिली. मग २६ डिसेंबर १७८३ रोजी मोंपेलिएच्या वेधशाळेच्या मनोऱ्यावरून, चौदा फूट रुंदीची लाकडी सांगाड्याची छत्री घेऊन तो लोकांसमक्ष खाली उतरला. हेतू काय? तमाशा नव्हे. जळत्या घराच्या वरच्या मजल्यावर अडकलेल्या माणसाला खिडकीतून सुखरूप उतरता यावे, हा. 'पॅराशूट' हा शब्दही त्यानेच घडवला. आपल्याकडे त्याला लोक हवाई छत्री म्हणू लागले, आणि आम्हाला ते नाव मूळ शब्दापेक्षा सरस वाटते, कारण त्यात जुनी हकिकत शिल्लक राहिली आहे.

आता पहिला प्रश्न. टकमकावरून छत्री घेऊन माणूस जगेल काय? येथे थोडे गणित केल्यावाचून गत्यंतर नाही, पण ते आखाजीच्या झोक्याइतकेच सोपे आहे. पडणाऱ्या माणसाला हवा खालून अडवते. छत्री जितकी मोठी तितका अडसर मोठा, आणि वेग वाढेल तसा तोही वाढत जातो. अडसर माणसाच्या वजनाइतका झाला की वेग तिथेच थांबतो. मग कडा पाचशे फुटांचा असो की दोन हजार फुटांचा, त्यापुढे वेग वाढत नाही. साठ किलो वजनाचा सडपातळ मनुष्य आणि सहा फूट व्यासाची छत्री धरली, तर हा वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास येतो. म्हणजे चार मजली माडीवरून, पंचेचाळीस-पन्नास फुटांवरून, मोकळी उडी टाकल्यासारखे झाले. तेवढ्याने हाडे शाबूत राहत नाहीत. लेनोर्मांची चौदा फुटी छत्री त्याच माणसाच्या हाती दिली तर वेग ताशी पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर येतो. ही झाली नऊ फुटांवरून मारलेली उडी. ती आपल्यापैकी अनेकांनी परसातल्या भिंतीवरून मारली असेल. व्यास दुप्पट केला की वेग निम्मा होतो, आणि उडीची जाणवणारी उंची चौथाईवर येते. सहा फूट आणि चौदा फूट यांत मृत्यू आणि लंगडणे एवढे अंतर आहे.

मग छत्रीधर मेलाच असता? इतक्या लवकर निकाल देऊ नये. सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळी वारा आडवा येऊन आदळतो आणि कड्याला धरून वर चढतो. नाणेघाटात पाण्याची धार खाली पडण्याऐवजी उलटी उडून माथ्यावर येते, हे हजारो लोक दर पावसाळ्यात पाहतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर हलके काही खाली टाकले की वारा ते परत वर आणतो. त्याच कड्यावर कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ढगात गोल इंद्रधनुष्य पाहून नोंदवून ठेवले. तेव्हा या कड्यांचे वारे आणि ढग हा जुन्याच कौतुकाचा विषय आहे. वर चढणारा वारा ताशी तीस-चाळीस किलोमीटरचा असेल, तर सहा फुटी छत्रीचा वेग तेवढ्याने घटतो. मात्र वारा खालपर्यंत सोबत करीत नाही, पायथ्याशी तो मंदावतो, आणि कापडी छत्री त्या झोडीत उलटी न होता टिकली पाहिजे. आमचा निकाल असा की कथा अशक्याच्या अगदी काठावर उभी आहे, टकमक टोकासारखीच. ज्या कोणी ती प्रथम सांगितली, त्याला गडावरचा वारा चांगला ठाऊक होता.

येथे एक गोष्ट मनाला बोचते. टकमकावरून एक मनुष्य वाचल्याची कथा आहे, त्याच्यामुळे गावाला नाव आहे. ज्यांना लोटले त्यांच्यापैकी एकाचेही नाव लोकांच्या तोंडी नाही. गुन्हेगारच ते, कोणी म्हणेल. बरे. पण ज्यांनी काही गुन्हा केला नव्हता आणि तरी कड्यावरून उडी टाकली, त्यांचे काय?

त्यासाठी आपल्याला फार लांब जायला नको. भुसावळवरून बऱ्हाणपूर, खांडवा ओलांडून आपली माणसे ओंकारेश्वराच्या दर्शनाला नित्य जातात. नर्मदेतल्या त्या मांधाता बेटाच्या पूर्व टोकाला बिरखला नावाचे कडे आहेत. तेथून काळभैरवाचे भक्त खाली उडी टाकून देह ठेवीत. १८२४ साली निमाडचा कारभार इंग्रजांकडे आला तेव्हा ही प्रथा बंद करण्यात आली. कॅप्टन फॉरसिथ याने मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावर लिहिलेल्या आणि १८७१ साली निघालेल्या ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. गिरनारवरही भैरवजप नावाचा सुळका याच कारणाने प्रसिद्ध आहे. संस्कृतात याला भृगुपतन म्हणत. आणि येथे हे सांगितले पाहिजे की धर्मशास्त्रानेच पुढे हात आवरता घेतला होता: कलियुगात वर्ज्य म्हणून ज्या गोष्टींची यादी निबंधकारांनी केली, त्या कलिवर्ज्यांत कड्यावरून उडी टाकून केलेला देहत्याग येतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या कलिवर्ज्यांची साद्यंत चर्चा जिज्ञासूंना सापडेल. इंग्रजांनी बंद केले म्हणून सारे श्रेय त्यांना देणारे आणि आमच्याकडे असे काही नव्हतेच म्हणणारे, अशा दोघांनीही ती वाचावी.

पचमढीच्या महादेवाची हकिकत याहून काळीज हलवणारी आहे. विदर्भातली मराठी माणसे आजही खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या यात्रेला जातात, तोच हा महादेव. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनने आपल्या आठवणी १८४४ साली प्रसिद्ध केल्या, त्यात तो लिहितो की मूल होत नसलेली बाई महादेवाला नवस करी, आणि इतर नवस फळले नाहीत तर पहिला मुलगा वाहण्याचा नवस बोले. मुलगा झाला तर ती त्याला मोठा होईपर्यंत काही सांगत नसे. तो वयात आला की त्याला नवस सांगे. त्या दिवसापासून तो मुलगा स्वतःला देवाचा समजे, आणि यात्रेच्या दिवशी चार-पाचशे फुटी कड्यावरून खाली उडी टाकी.

श्रोतेहो, या मुलाला कोणी लोटले नव्हते. तो आपल्या पायांनी चढला. पण ती उडी त्याची होती काय? तो जन्मण्यापूर्वी कोणीतरी ती त्याच्या वतीने मारून ठेवली होती. आणि त्या आईला दोष देऊन तरी सुटका कशी होणार? तिला वांझ म्हणून रोज कड्याच्या काठावर उभे करणारे सासर आणि गाव स्लीमनच्या पानावर दिसत नाही, पण ते तिथे आहे. दोर नव्हता, छत्री नव्हती, कारण कोणाला तो मुलगा परत यायला नको होता. आमच्या मते उड्यांचे दोन वंश येथे वेगळे होतात. एकात माणूस परत न येणे हीच पूर्तता. दुसऱ्यात परत येणे हीच सारी कला.

मधल्या पायरीवर आपले बगाड उभे आहे. नवस बोललेल्या माणसाच्या पाठीत लोखंडी गळ टोचून त्याला आडव्या लाकडाच्या टोकाला टांगायचे आणि हवेत फिरवायचे, ही प्रथा दक्षिणेत चारशे-पाचशे वर्षांपूर्वीही होती. सोळाव्या शतकाच्या आरंभी विजयनगरच्या राज्यात वावरलेला पोर्तुगीज दुआर्ते बार्बोसा याने नवसाच्या स्त्रियांना असे टांगलेले वर्णिले आहे. विहिरीतून पाणी काढायची जी लांब लाट असते तिच्यासारखे ते यंत्र, असे तो म्हणतो. मोटेचा दोर, नवसाची लाट आणि पोराची विहिरीतली उडी यांचे आमच्या मनात जे एकत्र कडबोळे झाले आहे, त्याला बार्बोसाचाही थोडा आधार आहे म्हणायचा. बंगाल सरकारने १८६५ साली गळाच्या प्रथेवर बंदी घातली. इतर प्रांतांतही ती हळूहळू मोडली गेली. परंतु बगाड मेले नाही, त्याने गळ सोडला आणि दोर धरला. वाई तालुक्यातल्या बावधनला रंगपंचमीच्या दिवशी भैरवनाथाचे बगाड निघते. होळीला देवाचा कौल लावून बगाड्या ठरतो. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बैलांच्या जोड्यामागून जोड्या बदलत तो अवजड गाडा शिवारातून गावापर्यंत ओढतात, आणि उंच शिडाच्या टोकाला बगाड्या बांधलेला असतो, टोचलेला नसतो. गाठी बांधणारी माणसे जाणती असतात. गाडा एखाद्या बांधावर कलंडला तर काय होईल हे ती जाणतात.

आपल्या मेहरूणच्या बारागाड्या पाहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. एकमेकींना जोडलेल्या बारा गाड्या माणसांनी भरलेल्या, पुढे भगत. सारे डोळे भगताकडे. पण जू, साखळ्या आणि चाकांच्या कुण्या आदल्या दिवशी ठोकून पाहणारे दोन-चार लोक गर्दीत कुठेतरी घामाघूम झालेले असतात. आम्ही त्यांनाच शोधत असतो.

आता खऱ्या दोराच्या उडीकडे वळू. पॅसिफिक महासागरात वानुआतू नावाचा द्वीपसमूह आहे, त्यातले एक बेट पेंटेकोस्ट. तेथे कोनफळाच्या जातीच्या कंदाचे पीक हाती येते त्या दिवसांत, म्हणजे आपल्या चैत्र-वैशाखाच्या सुमारास, लोक लाकडाचा सत्तर-ऐंशी फुटी मनोरा बांधतात आणि पुरुष घोट्यांना रानवेली बांधून त्यावरून डोके खाली करून उडी घेतात. केस मातीला लागले की उडी साधली. पीक चांगले येईल. मूळकथा एका बाईची आहे. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून ती वडाच्या जातीच्या झाडावर चढली. नवरा मागोमाग चढला. तिने घोट्यांना वेली बांधून उडी टाकली आणि वाचली. नवऱ्याने तशीच टाकली आणि मेला. पुढे पुरुषांनी ही उडी आपल्या ताब्यात घेतली, पुन्हा फसू नये म्हणून, असे तेच सांगतात. जगात सगळीकडे नवरे सारखेच.

या उडीतले कसब वेलीत आहे. वेल ओली हवी, लवचीक हवी, माणसाच्या वजनाला जुळती हवी आणि मनोऱ्याच्या उंचीशी तिचा मेळ हवा. पायाखालची फळीही उडीच्या झटक्याने मोडून खाली वाकेल अशी बांधतात, म्हणजे घोट्यावरचा हिसका कमी होतो. १९७४ साली इंग्लंडची राणी एलिझाबेथ त्या बेटांच्या भेटीला आली. तेव्हा तेथे वसाहतीचे राज्य होते. पाहुणीला खेळ दाखवायचा म्हणून हंगाम नसताना, फेब्रुवारीत, मनोरा बांधला गेला. वेलींत पुरेशी लवचिकता आलेली नव्हती. एका उडीकऱ्याची वेल तुटली आणि तो प्राणास मुकला. पिकाच्या वेळी वेल का काढायची, हे पंचांग शेकडो वर्षांच्या अनुभवाने बसले होते. ते पाहुणीच्या दौऱ्यासाठी मोडले.

याच वेलींचे वर्णन आणि चित्रपट पाहून ऑक्सफर्डच्या काही विक्षिप्त तरुणांच्या डोक्यात किडा वळवळला. १ एप्रिल १९७९ रोजी, मूर्खांच्या दिवशीच, ब्रिस्टलजवळच्या क्लिफ्टन पुलावरून, अडीचशे फुटांच्या आसपास उंचीवरून, त्यांनी रबरी दोर बांधून उड्या घेतल्या. पोलिसांनी त्यांना पकडून नेले. न्यूझीलंडच्या ए. जे. हॅकेटने १९८७ साली पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून उडी घेतली, तोही पकडला गेला. आणि पुढच्याच वर्षी त्याने आपल्या देशातल्या कावाराऊ नदीच्या जुन्या पुलावर, १४१ फुटांवर, तिकीट लावून उड्यांचे दुकान थाटले. बंजी हा शब्द तेथून जगभर गेला. आपल्याकडे ऋषिकेशजवळ मोहनचट्टीला २०१० पासून ८३ मीटरांवरून अशा उड्या घेतल्या जातात. तेथे किंवा कुठेही, रीत एकच: आधी काट्यावर वजन, तो आकडा शाईने हातावर, आणि त्या आकड्याप्रमाणे दोर. तरुण मंडळी त्या हाताचे छायाचित्र काढून घरी दाखवतात आणि पुसून टाकतात. आम्हाला तो आकडाच उडीचा नायक वाटतो. रबर किती ताणते हे वजनावर ठरते. दहा किलोची चूक झाली की दोर हवा त्याहून अनेक फूट खाली जातो. पेंटेकोस्टच्या जाणत्याने डोळ्यांनी केले तेच येथे काटा करतो.

छत्रीच्या वंशाचेही पुढे बरेच काही झाले, ते थोडक्यात सांगतो. १७९७ साली पॅरिसला गार्नेरिन फुग्यातून छत्रीने उतरला आणि वाटेत इतका हेलकावला की पाहणाऱ्या बायका मूर्च्छित झाल्या म्हणतात. पुढे छत्रीच्या माथ्याला भोक ठेवल्यावर हेलकावे कमी झाले. १८८९ साली पर्सिव्हल स्पेन्सर या इंग्रजाने मुंबई-कलकत्त्याला फुगा आणि छत्रीचे खेळ केले, आणि त्याच्याच मार्गदर्शनाने रामचंद्र चटर्जी हा बंगाली कसरतपटू आकाशात चढला. फेब्रुवारी १९१२ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोन उड्या झाल्या. २ तारखेला न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या मशालीवरून फ्रेडरिक लॉ उतरला, वाचला. ४ तारखेला फ्रान्झ राइशेल्ट हा पॅरिसचा शिंपी स्वतः शिवलेला छत्री-अंगरखा घालून आयफेल मनोऱ्याच्या पहिल्या मजल्यावर चढला. पोलिसांकडून परवानगी पुतळा टाकून पाहण्याची होती. ऐनवेळी त्याने स्वतःच उडी घेतली. चलच्चित्राचे यंत्र फिरत होते. काठावर तो कितीतरी क्षण घुटमळतो आणि मग जातो, हे आजही पाहायला मिळते. ५७ मीटर. अंगरखा नीट उघडलाच नाही. तो शिंपी आम्हाला टाकून देववत नाही. वैमानिकाला अंगावर वागवता येईल अशी छत्री हवी, हा त्याचा विचार अगदी बरोबर होता आणि जगाने पुढे तोच उचलला. चुकले ते माप.

विमानातून उतरणाऱ्या छत्रीधारी फौजेत मराठ्यांचाही वाटा आहे. पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण ही मूळची मराठा पलटण. ११ डिसेंबर १९७१ रोजी ती टांगाईलला आकाशातून उतरली, आणि पाच दिवसांनी ढाका पडले. पण विमानातून उडी घेणाऱ्याजवळ वेळ असतो. कड्यावरून, मनोऱ्यावरून उडी घेणाऱ्याजवळ तो नसतो. एक छत्री उघडली नाही तर दुसरी उघडायला उंचीच शिल्लक नसते, आणि वाऱ्याने छत्री फिरवली तर समोर तोच कडा. १९६६ साली अमेरिकेत एल कॅपिटान या तीन हजार फुटी कड्यावरून दोघांनी गोल छत्र्या घेऊन उड्या टाकल्या आणि दोघांचीही हाडे मोडली. १९७८ साली कार्ल बोनिश आणि त्याच्या सोबत्यांनी चौकोनी, पंखासारख्या वळवता येणाऱ्या छत्र्या घेऊन तोच कडा पुन्हा साधला आणि त्या उड्यांचे चित्रण केले. इमारत, मनोरा, पूल आणि कडा या चार ठिकाणांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून या खेळाला 'बेस' हे नाव पडले. बोनिश १९८४ साली नॉर्वेच्या एका कड्यावरून उडी घेताना गेला. आपल्या कोणत्याही तरुणाने हे ऐकून सह्याद्रीकडे पाहू नये, एवढे वडीलकीच्या नात्याने सांगतो.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर छत्रीने उडी घेतली. ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी. २००६ साली त्या दक्षिण ध्रुवावर उतरल्या, आणि २०११ साली पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडात पटाया येथे त्यांनी नऊवारी लुगडे नेसून तेरा हजार फुटांवरून उडी टाकली. सयामाच्या ज्या भूमीवर डोंबाऱ्याच्या दोन छत्र्या उघडल्या, तिथेच तीनशेहून अधिक वर्षांनी लुगड्याचा काष्टा उतरला! लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या धाडसाला. आमच्या घरातल्या मंडळींचा प्रश्न वेगळा होता: एवढ्या वाऱ्यात पदर कसा आवरला? कापड सुटून छत्रीच्या दोऱ्यांत अडकले असते तर काय झाले असते, हे त्यांनी लगेच ओळखले. ज्यांनी जन्मभर लुगडे नेसले त्यांना कुठे किती खोचायचे आणि कुठे बांधायचे हे कळते.

गेल्या वर्षी आम्ही टकमक टोकावर गेलो होतो. आता तिथे लोखंडी कठडा आहे. वारा इतका होता की डोक्यावरची टोपी हातात धरावी लागली. वाटाड्याने खालचे गाव दाखवून छत्रीची गोष्ट सांगितली, आमच्याबरोबरच्या मुलांनी ती कौतुकाने ऐकली. एका मुलीने मध्येच विचारले, "त्याचं नाव काय होतं?" वाटाडी थोडा थांबला, हसला, आणि म्हणाला, "छत्रीवाला."